तुमचं घड्याळ मागे आहे

मामाच्या कॉम्प्युटरच्या पाठीला एक करडी डबी आहे. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, दोन बाजूंना दोन स्क्रू, एका तोंडाला २५ पिना आणि दुसऱ्या तोंडाला २५ भोकं. पूर्वी प्रिंटरची जाड केबल ज्या पोर्टात बसायची, त्यात ही बसते. वरचा स्टिकर केव्हाच पुसून गेलाय. मामा तिला ‘लॉक’ म्हणतो. जुन्या डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणाऱ्यांच्या, तोंडी तोच शब्द. लॉक लावलं की मराठी टाइप होतं, काढलं की होत नाही. फॉन्टचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी चोरी रोखायला काढलेली ही युक्ती. सीडीच्या हव्या तेवढ्या नकला करा, डबी एकच.

सांगलीला गणपती पेठेच्या मागच्या बोळात मामाचं दुकान आहे. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पावती पुस्तकं, मंडळांचे अहवाल. काम सगळं पेजमेकरवर, म्हणजे पानं जुळवायच्या एका जुन्या सॉफ्टवेअरवर. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली, नंतर ते बंद पडलं. मामाला त्याचं काही वाटलं नाही. तो मराठी टाइपरायटरवर शिकलेला माणूस. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एवढं तो कीबोर्डकडे न बघता, समोरच्या गिऱ्हाइकाशी मानपानाबद्दल बोलत बोलत टाइप करतो.

हे जुने फॉन्ट म्हणजे एक गंमत आहे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत मराठी तुकडे राहायला आणलेले असतात. एका खोलीत अर्धा श, एका खोलीत काना, एकीत रफार. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजीच लिहितोय, दिसतं मात्र मराठी. फॉन्ट काढून घेतला की तोच मजकूर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा उकिरडा होतो. मामाच्या डी ड्राइव्हमध्ये वीसेक वर्षांच्या पत्रिका अशा आहेत. ज्यांच्या लग्नाच्या त्यानं छापल्या, त्यांच्या पोरांच्या मुंजीची पत्रिका करताना तो जुनी फाइल उघडतो, आजोबांचं नाव आणि कुलदैवत तिथून उचलतो. गिऱ्हाईक खूश होतं, ‘तुम्हाला बरं लक्षात!’

हे सगळं मला आज माहीत आहे. २०१९ च्या भाऊबीजेला माहीत नव्हतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. म्हणजे नातेवाइकांच्या लेखी मी कॉम्प्युटरमधला आहे, आणि कॉम्प्युटरमधला म्हणजे प्रिंटरपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळ्यातला. आईला घेऊन मी सांगलीला गेलो, ओवाळून झालं, फराळाचं ताट हातात आलं, आणि मामा म्हणाला, “जरा दुकानात येतोस? इंटरनेट नीट उघडंना झालंय.”

तक्रार अशी होती की काही साइट उघडतात, काही उघडत नाहीत. एका पेपरची उघडते, दुसऱ्याची नाही. गुगल नाही. व्हॉट्सअ‍ॅप वेब तर अजिबात नाही, आणि खरी अडचण तीच होती. हल्ली लोक पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तोही मध्यरात्री, तीन तुकड्यांत, पुन्हा ‘सॉरी, आत्याचं नाव राहिलं’ असं म्हणत. तो मोठ्या पडद्यावर बघून टाइप करायचा तर मामा फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचत होता.

मी ब्राउझर उघडला. एक मोठं पांढरं पान आलं, त्यावर ठळक अक्षरांत: तुमचं घड्याळ मागे आहे.

“हे बघ, रोज हेच म्हणतंय,” मामा म्हणाला. “घड्याळ तर बरोबर आहे की.” त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहिलं. ११:२०. भिंतीवरही ११:२०. माझ्या मोबाइलवरही ११:२०. झालं, मी मनात निकाल देऊन टाकला: ब्राउझर जुना झालाय, काहीतरी बरळतोय. आणि मग नजर खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या गोल बटणावर गेली. विंडोज ७!

मला चढलंच. १४ जानेवारी २०२० पासून विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणार नव्हते, अडीच महिने उरले होते, आणि माझा सख्खा मामा दुकानाचं मशीन त्यावर चालवत होता. मी एक छोटंसं भाषण दिलं. मामानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सगळं कशाला बदलतोस? तेवढं व्हॉट्सअ‍ॅप कर की.”

हे ‘तेवढं’ मी ऐकलं नाही.

पेनड्राइव्हवर विंडोज १० होतंच. असल्या गोष्टी मी तेव्हा किल्ल्यांच्या जुडग्यासारख्या बाळगायचो. फाइल्स तशाच ठेवून वर नवी विंडोज चढवायची, साडेतीन तासांचं काम. मधे मामी चकल्या देऊन गेली. शेवटी निळ्या प्रकाशाची खिडकी उगवली, मामा म्हणाला, “छान दिसतंय.” सी ड्राइव्ह तेवढा लाल झाला होता, जागा संपत आलेली. मी डिस्क क्लीनअप उघडलं. यादीत एकाच नोंदीनं जवळजवळ सगळी जागा खाल्ली होती: मागील विंडोज इन्स्टॉलेशन. खूण केली. कॉम्प्युटरनं सभ्यपणे विचारलं की हे पुसलंत तर मागच्या विंडोजवर परत जाता येणार नाही, चालेल का? मी ‘ओके’ दाबलं. वाचून दाबलं, हे मुद्दाम सांगतो. न वाचता दाबणाऱ्यांना मी एरवी हसतो.

मग ऐटीत ब्राउझर उघडला. तुमचं घड्याळ मागे आहे.

इथं खरं तर थांबायला हवं होतं. पण दुरुस्ती करणाऱ्याच्या हातांना एक खाज असते. मी जे मामीला, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना फोनवर सांगत आलो, ते सगळं ओळीनं केलं. कॅशे साफ केला. कॅशे म्हणजे ब्राउझरनं पुन्हा पुन्हा आणायला नको म्हणून घरात भरून ठेवलेलं सामान: चित्रं, पानांचे सांगाडे. ते कधी कधी शिळं होतं, तेव्हा साइट बदललेली असते आणि आपल्याला जुनीच दिसते. मग कुकीज उडवल्या. कुकी म्हणजे लाँड्रीवाला देतो ती कागदाची चिठ्ठी. ती दाखवली की साइट आपल्याला ओळखते, हरवली की पुन्हा नाव-पासवर्ड. मग खासगी खिडकीत उघडून पाहिलं. ही युक्ती खरोखर कामाची आहे. खासगी खिडकीत जुन्या कुकीज नसतात आणि एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, तीही सहसा बंद असतात. तिथं साइट उघडली आणि एरवी उघडली नाही, तर दोष या दोघांतच आहे असं समजायचं, पुढचा शोध निम्मा होतो. पण तिथंही तेच पान. शेवटी ब्राउझरच्या सेटिंग्ज मूळपदावर आणल्या. त्यानं बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेन्शन्स बंद पडतात, सुरुवातीचं पान आणि सर्च इंजिन पहिल्यासारखं होतं. काही उपयोग नाही. दुसरा ब्राउझर घातला. त्यानं तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं.

हे लिहिताना जाणवतंय, माझ्या पोतडीतला जवळजवळ प्रत्येक उपाय काहीतरी पुसण्याचा होता. साफ कर, उडव, रीसेट कर, नवं टाक. बघ, वाच, विचार, हे त्या यादीत कुठंच नव्हतं.

कंटाळून मी माउसचा बाण नुसताच कोपऱ्यातल्या घड्याळावर नेऊन ठेवला. पिवळसर छोटी पट्टी वर आली. सोमवार, १२ ऑगस्ट २०१९.

मामाचा टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाची पट्टी, बारीक केलेला होता. पेजमेकरला पडद्यावर तेवढीच बोटभर जागा जास्त मिळावी म्हणून त्यानंच कधीतरी केलेला. बारीक टास्कबारवर नुसती वेळ दिसते, तारीख दिसत नाही. वेळ बरोबर होती. दिवस अडीच महिने मागे होता.

१२ ऑगस्ट. सांगलीच्या माणसाला त्या दिवसांबद्दल काही सांगावं लागत नाही. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं. गणपती पेठ, मारुती चौक, हरभट रोड, सगळं पाण्यात. मामा-मामी मिरजेला मामीच्या बहिणीकडे होते. दुकान सोडायच्या आधी मामानं कॉम्प्युटरचं कॅबिनेट माळ्यावर चढवलं होतं.

पुढचं कोडं घड्याळवाल्याकडे उलगडलं. कॉम्प्युटर बंद असताना त्याचं घड्याळ एका नाण्याएवढ्या सेलवर चालतं. सीआर २०३२ हे त्याचं नाव. त्यातला २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. कॅबिनेटला भिंतीतून वीज मिळत असेल तर त्या सेलला फारसे कष्ट नसतात. माळ्यावर मात्र सगळा भार त्याच्यावर आला. आधीच दहा वर्षांचा म्हातारा सेल, काही दिवस ओढलं त्यानं, आणि १२ ऑगस्टला कधीतरी त्याचा दम संपला. घड्याळ तिथं थांबलं.

पुढं दुकान धुऊन, वाळवून, सप्टेंबरात मामानं मशीन पुन्हा जोडलं. रात्री दुकान बंद करताना तो भिंतीवरचं बटण बंद करतो, ही पन्नास वर्षांची सवय. बटण बंद झालं की घड्याळ थांबायचं. सकाळी मशीन चालू केलं की कोपऱ्यात आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले दिसायचे. मामाला चुकीचं घड्याळ समोर असलं की काम सुचत नाही. म्हणून तो रोज सकाळी काटे मागे फिरवून बरोबर दहा करायचा, तारखेला हात न लावता. दिवसभर काम, रात्री नऊला बटण बंद. मशीनच्या आयुष्यात मध्यरात्र कधी यायचीच नाही. मामा रोज सकाळी त्याला त्याच सोमवारी नेऊन सोडत होता.

इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळायला हवं, असं कुणी म्हणेल. पण फरक १५ तासांपेक्षा मोठा असेल तर घरगुती विंडोज तशी दुरुस्ती करत नाही. एवढा मोठा घोटाळा म्हणजे समोरचंच घड्याळ खोटं, असं ती धरून चालते. आणि काही साइट उघडायच्या, काही नाही, याचंही कारण मिळालं. प्रत्येक सुरक्षित साइटकडे ओळखीचं प्रमाणपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. काही जण ते वर्षा-दोन वर्षांसाठी काढायचे, काही ९० दिवसांनी बदलत राहतात. ज्यांचं प्रमाणपत्र ऑगस्टच्या आधीचं, त्या साइट उघडत होत्या. ज्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरात नवं काढलं, त्यांचं प्रमाणपत्र मामाच्या कॉम्प्युटरला अजून जन्माला न आलेल्या माणसाच्या आधार कार्डासारखं दिसत होतं. त्याच्या लेखी अजून श्रावण चालू होता. पेठेत अजून पाणी होतं.

ब्राउझरनं पहिल्या मिनिटाला, ठळक अक्षरांत, चक्क मराठीत सांगितलं होतं. मी ते वाचून बाजूला सारलं होतं.

सेल चाळीस रुपयांना मिळाला. बसवला, तारीख लावली, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. मामा खूश. मीही खूश, म्हटलं चला, फुकटात नवी विंडोज पण झाली. मामानं लगेच कामाला हात घातला. पेजमेकर उघडलं. फाइल उघडली. गणपतीचं चित्र दिसलं, महिरप दिसली. मामानं बोटं कीबोर्डवर ठेवली आणि ‘चि. सौ. कां.’ टाइप केलं.

काही उमटलं नाही.

पुन्हा. काही नाही. मग एक खिडकी आली, लॉक सापडत नाही म्हणून. मामानं मागे वाकून डबी घट्ट दाबली. काढून लावली. तोंडानं फुंकर मारून लावली. त्या डबीशी बोलणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जुन्या विंडोजसाठी लिहिलेला होता, नव्या विंडोजला त्याची भाषाच कळत नव्हती. ज्यांनी ते सॉफ्टवेअर विकलं त्यांना फोन लावला. सुट्टीनंतर फोन लागला तेव्हा उत्तर सरळ होतं: ती आवृत्ती आता बंद आहे, नवी घ्या, तिला यूएसबीचं लॉक येतं. आणि जुन्या फाइल्स? त्या बदलून घ्याव्या लागतील. किती आहेत? मामानं मोजलं नव्हतं कधी.

नऊ-दहा दिवसांवर तुळशीचं लग्न होतं. ते झालं की लग्नाचे मुहूर्त सुरू, आणि हातात सहा पत्रिका अर्धवट. मामा चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “मग पहिल्यासारखं करून दे.”

विंडोज १० मध्ये त्यासाठी एक बटण असतं. सेटिंग्ज, अपडेट आणि सुरक्षा, रिकव्हरी, आणि तिथं ‘विंडोज ७ वर परत जा’. नवी विंडोज चढवताना ती जुनी विंडोज एका फोल्डरमध्ये बांधून ठेवते, विंडोज डॉट ओल्ड नावाच्या, आणि परत जायचं म्हटलं की तेच गाठोडं सोडते. २०१५ साली विंडोज १० आली तेव्हा ही सवड ३० दिवसांची होती, पुढच्या वर्षी ती १० दिवसांवर आणली गेली. जाणकार माणूस एक आज्ञा देऊन ती ६० दिवसांपर्यंत वाढवून घेऊ शकतो, पण ती मुदत संपायच्या आत. आमच्याकडे मुदत भरपूर होती. गाठोडं नव्हतं. ते मी जागा हवी म्हणून चकली खात खात पुसलं होतं.

या १० दिवसांचा मला आजही राग येतो, माझी चूक बाजूला ठेवूनही. कुणाच्या हिशोबानं दहा? मामाचा धंदा तिथीवर चालतो. हाच उद्योग मी चातुर्मासात केला असता, तर तेव्हा हाताला पत्रिकेचं काम नसल्यानं लॉक चालत नाही हे कळायलाच तुळशीचं लग्न उजाडलं असतं. वर्षातून एकदा मार्चअखेर उघडायचं सॉफ्टवेअर असतं, शाळेच्या निकालापुरतं लागणारं असतं. बदल पचला की नाही हे कॉम्प्युटरला विचारून कळत नाही, कामाचा हंगाम यावा लागतो.

मग खरं मागे जाणं सुरू झालं. मी ऑफिसला दोन दिवस रजा टाकली. मामीनं माळ्यावरून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून दिला. त्यात विंडोज ७ ची डीव्हीडी होती, फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सीडी होती, मदरबोर्डची सीडी होती, आणि टाइपरायटिंगच्या परीक्षेचं प्रमाणपत्र. मामीनं सांगितलं, पाणी पेठेत शिरलं तेव्हा मॉनिटर राहिला, प्रिंटर राहिला, कोऱ्या पत्रिकांचे गठ्ठे भिजून लगदा झाले, पण ह्यांनी आधी लॉक काढून शर्टच्या खिशात टाकलं, मग हा डबा आणि कॅबिनेट वर दिलं. मिरजेला गेल्यावर बहिणीनं शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिशात डबी सापडली, तिला वाटलं काही औषध आहे.

एवढी चौकशी मी भाऊबीजेच्या दिवशी केली असती, तर त्या मशीनमध्ये कशाला धक्का लावायचा नाही हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

कॅबिनेटवरच्या स्टिकरवर किल्लीची २५ अक्षरं होती, निम्मी घासून गेलेली. मोबाइलचा दिवा लावून, तिरप्या प्रकाशात, हा ‘बी’ की ‘आठ’ असं करत चौथ्या खेपेला ती जुळली. फाइल्स डी ड्राइव्हमध्ये सुखरूप होत्या. विंडोज बसली, पण नेटवर्कचा ड्रायव्हर नव्हता. तो माझ्या लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हनं दिला. २००९ सालच्या डीव्हीडीतून २००९ सालचा इंटरनेट एक्सप्लोरर ८ बाहेर आला, आणि त्यात जवळजवळ काहीच उघडेना. यावेळी घड्याळ बरोबर होतं, मी दोनदा पाहिलं. साइट आता ज्या सुरक्षित पद्धतीनं बोलतात ती टीएलएस १.२ त्याला येत होती, पण मुळातच बंद करून ठेवलेली होती. इंटरनेट ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्डच्या लांबलचक यादीत, अगदी तळाशी तिची चौकट असते. तिथं खूण केल्यावर निदान दुसरा ब्राउझर उतरवून घेण्याइतकं दार किलकिलं झालं. नंतरचे विंडोजचे अपडेटही थेट येईनात. त्या वर्षी त्यांच्या सह्यांची पद्धत बदलली होती, आधी ती नवी सही ओळखायला शिकवणारे अपडेट हातानं घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फॉन्टची सीडी आत गेली, लॉकचा ड्रायव्हर बसला. मामानं खुर्ची ओढली. ‘चि. सौ. कां.’ उमटलं. मामीनं देवापुढं साखर ठेवली, खोटं नाही सांगत.

तरी पहिल्यासारखं झालं नाही. पेजमेकर नवीन पान उघडताना मामाच्या मापाचं उघडायचं, त्याच्या समासांसह, त्याच्या आवडत्या फॉन्टसह. ते कुठल्या तरी छोट्या फाइलमध्ये असायचं, ती सी ड्राइव्हबरोबर गेली. आता कोरं परदेशी मापाचं पान यायचं. मामा दर वेळी माप बदलायचा, काही बोलायचा नाही. पण टाइप करता करता हात अडखळायचा. मी पुण्याला निघालो तेव्हा तो तिसऱ्यांदा समास लावत होता.

जानेवारीत मी एक जुना वापरलेला कॉम्प्युटर नेऊन दिला, विंडोज १० असलेला. इंटरनेट त्यावर. मामाच्या मशीनची नेटची वायर काढून टाकली. याबाबत माझं मत अजूनही बदललेलं नाही: ज्याला अपडेट मिळत नाहीत ते मशीन खुशाल चालवावं, पण त्याला नेट दाखवू नये. ब्राउझरवाल्यांनीही पुढं तिथून काढता पाय घेतलाच. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, फायरफॉक्सची ११५. मधल्या काळात मामानं स्वतःच दोन मशीनमध्ये पेनड्राइव्हची ये-जा बसवली. मजकूर इकडे वाचायचा, तिकडे टाइप करायचा, पीडीएफ पुन्हा इकडे आणून पाठवायचा. मला हे ओबडधोबड वाटायचं. आता वाटतं, पेठेतल्या कित्येक नव्या व्यवस्थांपेक्षा ही जास्त टिकली.

नेटचं मशीन मात्र मामीनं ताब्यात घेतलं. एकदा रात्री फोन, “अरे, ह्यात ४७ व्हायरस सापडलेत, कोपऱ्यात सारखं येतंय.” एवढा नेमका आकडा आला की मला समजतं. पाककृतींच्या कुठल्याशा साइटनं ‘सूचना पाठवू का?’ विचारलं असणार, मामीनं सभ्यपणे ‘अनुमती द्या’ दाबलं असणार. पूर्वी मी लगेच ‘सगळं साफ कर’ म्हटलं असतं. आता म्हटलं, “मामी, आधी मला वाचून दाखव. त्या चौकटीत खाली बारीक अक्षरात साइटचं नाव काय आहे?”

तिनं चष्मा आणून वाचलं.

“आता ती साइट उघड. पत्त्याच्या डाव्या बाजूला कुलपाचं चित्र आहे, त्यावर क्लिक कर.”

“कुलूप नाहीये इथं.”

“असतं गं, डावीकडे.”

“नाही रे. इथं दोन आडव्या रेघा आहेत, त्यांवर गोळे. कुलूप ह्यांच्या मशीनला आहे, मागं.”

मी माझ्या लॅपटॉपवर पाहिलं. खरंच, कुलूप गेलं होतं. क्रोमनं २०२३ च्या सप्टेंबरात ते काढून रेघा-गोळ्यांचं चिन्ह आणलं होतं. कुलूप दिसलं की लोक साइटच भरवशाची समजायचे, हे त्यामागचं कारण. मी रोज तेच बघत होतो, पण माझ्या डोळ्यांपुढं वर्षानुवर्षांचं कुलूपच होतं. मामीला समोर होतं ते दिसत होतं. गोळ्यांवर क्लिक करून तिनं सूचना बंद केल्या. सत्तेचाळीसही व्हायरस एका क्षणात बरे झाले.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी नेटच्या मशीनचा प्रोसेसर चार पिढ्या कमी पडतो, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची जी सोय लागते तीही त्यात नाही. आडमार्गानं चढवता येते, मी चढवणार नाही. घरगुती वापरासाठी वर्षभर वाढीव सुरक्षा अपडेट मिळणार होते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यासाठी नाव नोंदवायचं एवढंच काम होतं. दिवाळीला गेलो. आईनं मामाला ओवाळलं. मामा आता पंच्याहत्तरीचा आहे, दुकान अर्धाच दिवस उघडतो.

दुकानात शिरल्यावर आधी मी दोन्ही मशीनच्या कोपऱ्यात बघितलं. दोन्हीकडे खाली तारीख दिसत होती. मामानं टास्कबार जाड करून ठेवलाय, पेजमेकरची बोटभर जागा सोडून. “आता दिसलेली बरी,” म्हणाला.

मी नेटच्या मशीनसमोर बसलो आणि सांगितलं, काय करणार आहे, काय करणार नाही, नको वाटलं तर मागे कसं यायचं. मामा ऐकत होता. मान हलवत होता. मी पिशवीतून पेनड्राइव्ह बाहेर काढला.

तसा मामा उठला, शेजारच्या मशीनच्या मागे वाकला, दोन्ही स्क्रू सावकाश फिरवले, आणि लॉक काढून शर्टच्या खिशात टाकलं.

“हं,” म्हणाला, “कर आता.”